वन्संनी निजून निवडलेला सोफा

"हिला सोफ्यासकट उचला आन नेऊन टाका रस्त्यावर!"

आमचे धाकटे भावजी असं म्हणाले ते सख्ख्या थोरल्या बहिणीला, भर अंगणात, टेम्पोवाल्याच्या आणि दोन हमालांच्या देखत. सोफ्याचे सहा तुकडे अंगणभर पडले होते. एका तुकड्यावर कोंबडी चढून बसली होती. कोपऱ्याच्या तुकड्यावर वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या होत्या. मालक, म्हणजे माझा नवरा, ओट्यावर डोकं धरून बसलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पौडच्या कचेरीत वन्संची सही व्हायची होती. जमीन घेणारा पुण्याहून गाडी काढणार होता. आणि सोफा घरात मावत नव्हता.

वन्संनी पदरही हलवला नाही.

या बाई कशा होत्या ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

वन्संना बसलेलं मी फार कमी पाहिलं. एक तर उभ्या, नाहीतर आडव्या. भाताच्या पेंढ्यावर, पोत्यांच्या थप्पीवर, एसटीच्या शेवटच्या लांब बाकावर, लग्नघरी गाद्यांच्या ढिगावर, मिळेल तिथं त्या पाठ टेकायच्या. आमच्यात बाईमाणूस दिवसाढवळ्या आडवं झालं तर ते एक तर आजारी, नाहीतर बाळंतीण. वन्सं दोन्ही नव्हत्या. सासूबाई ओरडायच्या, "अगं, पुरुषमाणसं येत्यात-जात्यात. ऊठ की जरा."

वन्सं पदराच्या आतून म्हणायच्या, "आये, उभ्याला काम सांगत्यात, बसल्याला च्या मागत्यात. आडव्याला कुणी काय मागत न्हाई."

आळशी मात्र नव्हत्या. भातलावणीला त्यांची ओळ सगळ्यांच्या आधी बांधाला लागायची. मग त्या बांधावरच निजायच्या आणि आम्ही चिखलात वाकून त्यांचं घोरणं ऐकायचो. मला राग यायचा. काम करून निजलेल्या माणसाला बोलता येत नाही, त्याचा राग जास्त येतो.

तरुणपणीच त्या सासर सोडून परत आल्या. गावानं त्याची नाना कारणं सांगितली. मी नवी होते, एक दिवस सरळ विचारलं. म्हणाल्या, "तितं माणसं लई आन वाकळा थोड्या. माझ्या वाट्याला कदी आलीच न्हाई. मी म्हनलं, भुईवरच निजायचं तर बापाच्या भुईवर निजीन." एवढंच. रडल्या-बिडल्या नाहीत.

बापाच्या घरी तरी कुठं मोठी जागा होती. स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामध्ये जो बोळ, त्यात तांदळाच्या कणगीशेजारी त्यांचं अंथरूण. पाय लांब केले की मोरीत जायचे, म्हणून गुडघे मोडून निजायच्या. उरवड्याला कंपन्या आल्या तशा त्या पॅकिंगला लागल्या. तिथं पाळीभर उभं राहायचं. पगार भावांच्या हातात द्यायच्या. माझ्या पोरांची दप्तरं, गणवेश त्यातून आले. उपकार म्हणून सांगत नाही. झालं ते सांगते.

एकदा शेजारच्यानं जेसीबी आणून आमचा बांध सरकवायला घेतला. दोघे भाऊ कोयते घेऊन धावले, मी त्यांना आवरायला मागं. वन्सं आमच्या सगळ्यांच्या पुढं गेल्या, पायातल्या चपला डोक्याखाली घेतल्या आणि बांधावर आडव्या झाल्या. ड्रायव्हर बिहारकडचा पोरगा. "माताजी, हटिये," म्हणाला.

"मैं थोडा निजती," वन्सं म्हणाल्या. "तू चाय पी के आ."

पोरगा गेला चहाला. परत आला तर या खरंच झोपलेल्या. सोंग नव्हतं, घोरत होत्या. शेजारी शिव्या देऊन दमला. झोपलेल्या म्हातारीच्या अंगावर मशीन घालायला कुणाची छाती होत नाही. जेसीबी भाड्याचा, उभा राहिला तरी त्याचा तास चालूच. संध्याकाळी तो निघून गेला. बांध आहे तिथं आहे.

कंपनीतलं काम सुटल्यावर वन्सं गावातल्या एका बंगल्यावर झाडलोट करायला लागल्या. ते लोक शनिवार-रविवारी यायचे. तिथं त्यांनी तो सोफा पहिल्यांदा पाहिला. जमिनीलगत, खोल, मऊ, तुकडे जोडून केलेला. बरेच आठवडे नुसता पुसला. मग एका मधल्या वारी त्याच्यावर आडव्या झाल्या आणि मालकीणबाई अचानक आल्या तेव्हा गाढ झोपेत होत्या. बाई किंचाळली म्हणे. वन्सं उठल्या, उशा झटकल्या आणि म्हणाल्या, "वापराविना कुबट वास धरला हुता त्याला. जरा माणसाची ऊब लावली."

काम सुटलं. घरी येऊन मला म्हणाल्या, "वैनी, पाय सरळ केले तरी टाचा आतच राहिल्या." काम गेल्याचं बोलल्याच नाहीत.

आता जमिनीचं. पुण्याच्या माणसानं आमचा माळाचा तुकडा बंगल्यासाठी मागितला. बापाची जमीन, म्हणजे बहिणीची सही हवी. आमच्या भागात हे आता घरोघरी चाललंय. बहिणीला बोलवायचं, पुरणपोळी घालायची, साडीचोळी द्यायची आणि पौडला नेऊन तिचा हक्क सोडवून घ्यायचा. बहीण रडत सही करते, भाऊ गाडीनं सोडतो. माझीही सही अशीच झाली, माझ्या भावांसाठी. साडी अजून घडीत आहे.

वन्संचं वेगळं एवढंच की त्यांना सोडायला दुसरं घर नव्हतं. जमीन विकून दोघे भाऊ वेगळे होणार, वेगवेगळी घरं बांधणार आणि आक्का, म्हणजे वन्सं, एक महिना इकडे, एक महिना तिकडे, असं ठरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. सही झाली की तिला स्वतःचं म्हणायला तो मोरीकडचा बोळही राहणार नव्हता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

भावजींनी हिरवी साडी आणली. वन्संनी हात लावला नाही.

"साड्या हायेत मला. मला सोफा पायजे."

"सोफा?" भावजी हसायला लागले. "आक्का, सोफा घेऊन काय करणार तू?"

"लोळणार."

"आगं, लोकं हसत्याल."

"मी डोळं मिटून लोळत्ये. मला न्हाई दिसत."

दोघांना वाटलं, स्वस्तात सुटलो. मालक तर खूश झाले. पण वन्संनी देव्हाऱ्यातला बेलभंडारा त्यांच्यापुढं धरला. "थोरल्या, उचल. म्हन, मी बोट दाखवीन त्यो सोफा घिशील आन मी सांगीन तसा मांडून दिशील. मंग माझी सही."

मालकांनी उचलला. आमचं कुलदैवत खंडोबा. मालक तोंडानं काहीही बोलतील, पण भंडारा उचलून बोललेलं त्यांनी कधी मोडलं नाही. वन्संना भाऊ पुरता माहीत होता. भावजींपुढं त्यांनी भंडारा धरलाच नाही. तोही त्यांना पुरता माहीत होता.

मग सुरू झाली दुकानं. पिरंगुटपासून पुण्याच्या दिशेनं जेवढी म्हणून फर्निचरची दुकानं होती तेवढी. गाडी भावजींची, मी सोबतीला. वन्संच्या पिशवीत घरची चादर. "लोकाच्या डोक्याचं तेल लागलेलं असतंय," म्हणायच्या. दुकानात शिरायचं, चादर अंथरायची, चपला खाली जोडीनं ठेवायच्या आणि निजायचं. बसून बघणं नाहीच.

पहिल्या दुकानातला सोफा कडक. "ह्याच्यावर सोयरीक जमंल. झोप न्हाई यायची."

दुसरा चामड्यासारखा चकचकीत. "घाम आला का चिकटतंय. म्हशीवर बसल्यागत."

तिसरा बटण दाबलं की पाय वर करणारा. विक्रेत्याला मोठा अभिमान. वन्संचे पाय वर गेले, डोकं खाली. त्या तशाच अवस्थेत म्हणाल्या, "आरं बाबा, आमच्याकडं लाईट जाती. मी हितंच लटकायची का?"

एका दुकानात त्यांनी चहा मागवला. आडवं राहून न सांडता पिता येतो का ते बघायचं होतं. सांडला. पोरानं फडकं आणलं. वन्सं त्यालाच रागावल्या. "हात मागं टेकवायला जागा न्हाई तुज्या सोफ्याला. माझी काय चूक?"

भावजी बाहेर गाडीत बसून चिडायचे. घेणाऱ्याचे फोन यायचे. "आक्का, घे की कुठला बी. सगळे सारखेच."

"सारखे? बारक्या, नवरा न बघता केला मी. सोफा निजून बघून घीन."

शेवटी एका मोठ्या दुकानात सापडला. काचेचं दार, आत गारवा, विक्रेता पँटीत शर्ट खोचलेला. "मावशी, हा मॉड्युलर आहे," म्हणाला. "म्हणजे प्रत्येक पीस वेगळा. हवे तेवढे घ्या, हवे तसे जोडा."

वन्संनी चादर अंथरली. निजल्या. कुशीवर वळल्या. पाय लांब केले, टाचा बघितल्या. मग पदर तोंडावर गेला आणि झोपल्या. गिऱ्हाइकं आली, गेली. एका बाईनं मला हळूच विचारलं, "बरं नाही का त्यांना?" मी म्हटलं, "लई बरं हाय." माझे पाय दुखायला लागले म्हणून मी त्याच सोफ्याच्या टोकाला टेकले. टेकले ती आत गेले. खरं सांगते, उठावंसं वाटेना.

विक्रेता अखेर म्हणाला, "मावशी, आवडला का?"

वन्सं जाग्या झाल्या, छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुकडं किती लावता येत्यात?"

"कितीही. खोली केवढी आहे त्यावर."

"सहा दे. दोन कोपऱ्याचं, दोन मधलं, दोन पायाखालचं. आन रंग खाचरातल्या चिखलाचा दे. डाग पडला तरी घरचाच दिसंल."

भावजींनी आत येऊन किंमत बघितली, थोडी कुरकुर केली, दिली. माप कुणी बघितलं नाही. माप वन्संनी केव्हाच घेतलं होतं. आठवडाभर आधी त्या आमच्या बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडव्या होऊन सरकत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाठ मोकळी करत्ये." मला वाटलं, असेल.

आणि मग ते अंगण. तुकडे वेगळे, त्यामुळं दारातून एकेक आत गेले. पण जोडायला गेलं तर मालकांची खुर्ची बाहेर, देव्हाऱ्याचं दार उघडेना, आणि मला स्वयंपाकघरात जायला सोफ्यावरून उडी मारावी लागणार. हमालांनी परत सगळं बाहेर काढलं.

"तीन ठेव, तीन परत दे," मालक म्हणाले.

"मांडून दीन म्हनला हुतास. मी सांगीन तसा. सहाच्या सहा, एकमेकाला लागून."

"आक्का, जागा न्हाई!"

"भंडारा उचलताना जागा बघायची व्हती."

मालकांचं तोंड उतरलं. तेव्हाच भावजी ते वाक्य बोलले. सोफ्यासकट रस्त्यावर टाका. हमाल एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता या बाईचं आयुष्य संपलं. सही होणार नाही, घरात भांडण पेटणार आणि भाऊ तिला खरंच बाहेर काढणार.

मग वन्संनी पदर बाजूला केला.

"न्या," त्या म्हणाल्या. "रस्त्याकडंच न्या. तितं गाळा हाय."

आमच्या घरासमोर, रस्त्याला लागून आमच्याच भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत. उरवड्याला कामाला जाणारी पोरं राहतात. त्यांच्या शेवटी एक गाळा, दुकानासाठी बांधलेला. शटर, मागं मोरी, वर पत्रा नाही, स्लॅब. भाडेकरू सोडून गेल्यापासून बंद होता, कारण वाटणीत तो कुणाचा, यावर दोघा भावांचं जमत नव्हतं. त्या गाळ्यावरून त्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं, पुन्हा धरलं होतं, पुन्हा सोडलं होतं.

"गाळा माझ्या वाट्याचा हाय," भावजी म्हणाले.

"तुझा कशानं?" मालक उठलेच. "माझा हाय."

झालं, सोफा राहिला बाजूला. दोघे एकमेकांवर तुटून पडले. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. मी गाळ्यापाशी गेले आणि कुलूप काढलं. दया आली म्हणून नाही. सोफा माझ्या घरात आला असता तर मला उडी मारत जगावं लागलं असतं, आणि ही बाई एका महिन्याआड माझ्या बोळात, हे मला नकोच होतं. शटर वर ढकलून मी ओरडले, "द्या वन्संना! तुमी दोघंबी भांडायचं थांबशिला!"

मी नवऱ्यावर आवाज चढवला तो तेव्हाच. टेम्पोवाला हसला. हमालांना घरी जायची घाई होती. त्यांनी विचारलं नाही, एकेक तुकडा उचलला आणि गाळ्यात नेऊन ठेवला. खाली कड्या होत्या, त्या एकमेकीत अडकवल्या. सहाच्या सहा. तिन्ही भिंतींना लागून बसले, बोटभर फट नाही. तेव्हा मला त्यांचं बाहेरच्या खोलीतलं ते सरकणं आठवलं. वन्सं आत आल्या, चपला जोडीनं काढल्या, आडव्या झाल्या. पाय सरळ केले.

"आता सही करशील?" भावजींनी दारातून विचारलं. आवाज बसला होता.

"करीन की. पर वाटणी झाली आन उद्या तुज्या बायकूनं म्हनलं, गाळा मोकळा करा, तर सोफा उचलायला लागंल. मंग थोरल्यानं मांडून दिला कसा म्हनायचं?"

मालक उंबऱ्यात उभे होते. मग त्यांनी कागद करणाऱ्या एजंटाला फोन लावला. "उद्या दोन कागद करा. आधी गाळा आक्काच्या नावावर. मग तिची सही." भावजी बोलायला लागले तसे मालक म्हणाले, "भंडारा मी उचललाय. आन तुला तरी कुटं मिळणार हुता त्यो गाळा? मी दिलाच नसता." भावजींना तेही पटलं असावं. आपल्याला नाही तर थोरल्यालाही नाही, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी पौडला आधी गाळ्याचा कागद झाला. मग वन्संनी सही केली. रडल्या नाहीत. कचेरीत बाहेर बाकावर जागा होती, पण त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता घरी जाऊनच."

पुढं काय झालं ते गावाला ठाऊक आहे. दुपारी गाळ्याचं शटर अर्धं वर असतं आणि रस्त्यानं जाणाऱ्याला आत सोफा आणि त्यावर आडवी म्हातारी दिसते. सुरुवातीला लोक हसले. मग बायका यायला लागल्या. एकजण टेकायला आली, एकजण पाठ धरली म्हणून आली. कंपनीतून सुटलेली एक पोरगी बसच्या वाटेनं रोज येऊन आडवी व्हायची. आता दुपारचं कुणी ना कुणी असतंच. सहा तुकडे, त्यात दाटी करून आठ-नऊ बायका मावतात, सगळ्या आडव्या. मध्ये एकदा माझे चुलत सासरे रस्त्यानं आले. बायका धडपडून उठायला लागल्या, पदर सावरायला लागल्या. वन्सं म्हणाल्या, "निजा गं. तेच म्होरं जात्याल."

ते गेले पुढं. आता ते तिथून जाताना मान फिरवतात आणि बायका निजून राहतात.

भावजींच्या बायकोनं वर्षभर पाय ठेवला नाही. मग पाठ धरली तेव्हा आली. वन्संनी पायाकडचा तुकडा दिला, कोपऱ्याचा नाही. मलाही कोपऱ्याचा देत नाहीत. मी मागितला होता.

"कुलूप कुणी काढलं हुतं?" मी म्हटलं.

"कुलूप तू काढलंस, वैनी. निजून मी बगितला," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेतला.

त्या दिवशी अंगणात घरची आम्ही चौघं होतो. मालक पुढं दोन वर्षांनी वारले. धाकटे भावजी पौडला राहायला गेले. वन्सं गाळ्यात राहतात. मी समोरच्या घरात राहते, मी त्यांची भावजय.